घरच्या गॅरेजमध्ये मोटरसायकलची सर्व्हिसिंग: कामांचा क्रम कसा ठेवायचा आणि नट-बोल्ट किती आवळायचे?

एक_सिलिंडर

गाडी १५० सीसी, एअर-कूल्ड, एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. पुढे डिस्क, मागे ड्रम. चेन ४२८ मापाची, साधी, ओ-रिंग नसलेली; पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं, मागचं ४२. रनिंग २१,००० किलोमीटर.

या वेळची कामं: इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासणं, चेन साफ करून ताण लावणं, पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. जागा बंदिस्त आहे, शटर एकाच बाजूला. हत्यारांत ८ ते २४ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, सॉकेट सेट, एल-की, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मल्टीमीटर आहे. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) नाही.

शंका अशा:

१. ही सगळी कामं एका दिवसात करायची तर क्रम काय असावा? काही कामं थंड इंजिनावर आणि काही गरम इंजिनावर करायची असतात, त्यात गोंधळ होतोय.

२. टॉर्क रेंच घ्यायलाच हवा का? हाताच्या अंदाजानं भागतं असं बरेच जण म्हणतात.

३. काढलेलं जुनं इंजिन ऑइल चेनला लावलं तर चालतं का?

४. यातलं कुठलं काम घरी करूच नये?

---

पाना_१७

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. टॉर्क रेंच घ्या. पहिलं ऑइल बदलायच्या आधीच घ्या.

इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं आणि ड्रेन बोल्ट पोलादाचा. जास्त आवळला की बोल्टाला काही होत नाही, केसिंगमधले आटे जातात. साध्या १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर १७ किलोचा जोर लावला की साधारण २५ न्यूटन-मीटर होतात, आणि १२ मिमीच्या ड्रेन बोल्टाला तेवढे पुरतात. माणूस कंबर वाकवून, श्वास रोखून पाना ओढतो तेव्हा ४० किलोचा जोर सहज लागतो. म्हणजे ६० न्यूटन-मीटर. पुढच्या वेळी बोल्ट सोडताना त्याच्यासोबत ॲल्युमिनियमची चमकती तार बाहेर आली की समजायचं, आटे गेले. लहान बोल्टांत हा धोका आणखी मोठा. ६ मिमीचे बोल्ट, म्हणजे क्लच कव्हरचे, टॅपेट कव्हरचे, यांना १० ते १२ न्यूटन-मीटरच लागतात. १० सेंटिमीटरच्या पान्यावर ते फक्त दहा-बारा किलोचा जोर झाले. अंदाजानं आवळणारा हात इथे हमखास पुढे जातो.

एकच रेंच सगळ्याला पुरत नाही. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा एक छोटा आणि २० ते १०० चा एक मोठा. एकच परवडत असेल तर छोटा आधी, कारण आटे जातात ते लहान बोल्टांचे. 'क्लिक' झाली की थांबायचं. खात्रीसाठी आणखी एकदा ओढायचं नाही. घट्ट बोल्ट सोडायला हा रेंच वापरायचा नाही. काम झालं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहून माप चुकायला लागतं. आणि मॅन्युअलमध्ये 'ऑइल लावून' असं लिहिलं नसेल तर आटे कोरडे हवेत. ऑइल लागलेल्या आट्यांवर घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

आता क्रम. रात्रभर उभ्या गाडीवर सुरुवात करा. टायरची हवा, टॅपेट आणि प्लग ही थंड इंजिनाची कामं. हवा तर गाडी हलवायच्या आधीच बघायची, कारण टायर तापला की दाब वाढलेला दिसतो.

प्लग काढण्याआधी त्याच्या खाचेतली धूळ हवेनं किंवा ब्रशनं काढा. ती सिलिंडरमध्ये पडली तर भिंतीवर ओरखडे येतात. प्लग काढल्यावर कॉम्प्रेशन राहत नाही, त्यामुळे टॅपेटसाठी इंजिन हातानं फिरवणं सोपं जातं. म्हणून प्लग आधी, टॅपेट नंतर.

टॅपेटसाठी मॅग्नेट कव्हरवरच्या खिडकीतून 'टी' खूण जुळवा. खूण जुळली आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हातानं थोडे हलत असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनला वर आहे. रॉकर घट्ट असेल तर तो एक्झॉस्ट स्ट्रोक आहे, इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. गॅप मॅन्युअलमधलीच धरा. या प्रकारच्या इंजिनांत इनटेकला ०.०५ ते ०.०८ मिमी आणि एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त असते, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. फीलरची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना ॲडजस्टर स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यानंतर गॅप पुन्हा मोजा. न मोजता कव्हर लावणं ही या कामातली नेहमीची चूक.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. गॅप जास्त असेल तर टकटक आवाज येतो, लक्ष जातं. गॅप कमी असेल तर आवाज येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जात असल्यामुळे तो तापत राहतो आणि शेवटी त्याची कड जळते. शांत इंजिन पाहून टॅपेट तपासणं टाळू नका.

प्लगची गॅप साधारण ०.७ ते ०.९ मिमीच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलचा. प्लग बसवताना पाना शेवटी. आधी हातानंच पूर्ण टेकेपर्यंत फिरवा. नवीन प्लग टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, म्हणजे वॉशर दबतो. जुना परत लावत असाल तर त्याहून बरंच कमी, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय, ओलसर काळं म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरं आणि फोड आलेलं म्हणजे प्लग जास्त तापतोय.

हे झालं की इंजिन तीन-चार मिनिटं चालवा. गाडी शटरच्या बाहेर काढून. शटर उघडं आहे म्हणून आत चालवू नका. एकाच बाजूनं उघड्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

ऑइल कोमट-गरम असताना पातळ होतं, तळाशी बसलेला गाळ त्याच्यासोबत येतो. फार गरम असेल तर हात भाजतो. फिलर कॅप आधी सैल करा, म्हणजे धार मोकळी पडते. हातात नायट्रिलचे मोजे घाला; वापरलेलं इंजिन ऑइल कातडीवर पुन्हापुन्हा लागणं हा कर्करोगाचा मान्य झालेला धोका आहे. ऑइल निथळायला १५ मिनिटं द्या, तेवढ्यात एअर फिल्टर होतो.

ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. जुना लावला की झिरपतो, झिरपतो म्हणून माणूस आणखी आवळतो, आणि आटे जातात ते असेच. बोल्ट हातानं किमान तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. अडला तर काढा, तिरका बसतोय.

ऑइल फिल्टर कागदी काडतुसाचा असेल तर त्याची दोन टोकं बऱ्याचदा वेगळी असतात आणि मागे स्प्रिंग असते. काढण्याआधी फोटो घ्या. उलटा बसवला तर ऑइलचा रस्ता बंद होऊ शकतो किंवा ऑइल न गाळताच फिरत राहतं, आणि बाहेरून काही कळत नाही. कव्हरची ओ-रिंग नवी, तिला नवं ऑइल चोळून लावा.

ऑइल निवडताना ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, आणि डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असलंच पाहिजे. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यांनी क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. हे वर्गीकरण जपानी मानकात १९९८ मध्ये आलं ते याच अडचणीमुळे. 'एमबी' लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी, जिथे क्लच कोरडा असतो.

किती ओतायचं? मॅन्युअलमध्ये दोन किंवा तीन आकडे असतात: फक्त ऑइल बदलताना, फिल्टरसह बदलताना, आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर. तिसरा आकडा पाहून ओतलं तर जास्त होतं, कारण थोडं ऑइल आत कायम राहतं. आधी १०० मिली कमी ओता, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, तीन मिनिटं थांबा, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी ठेवून पातळी बघा आणि मग उरलेलं घाला. डिपस्टिक आत फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि त्यानं बराच फरक पडतो. जास्त झालेलं ऑइल क्रँकनं घुसळलं जाऊन फेसाळतं आणि ब्रीदर पाइपातून एअर बॉक्समध्ये जातं. मग नवा एअर फिल्टर ऑइलनं भिजलेला सापडतो.

---

कडी_न्_कडी

चेनबद्दल मी लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जुन्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण आणि काजळी असते, ती चेनच्या पिनमध्ये घासणाऱ्या पेस्टसारखी काम करते. शिवाय ते पातळ असतं, पहिल्या काही किलोमीटरातच रिमवर आणि टायरवर उडतं. एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा स्प्रे वापरा.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. साध्या चेनला पेट्रोलनंही काही होत नाही, पण बंद गॅरेजात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, आणि तिथेच बॅटरी चार्जर किंवा एक्स्टेंशन बोर्ड ठेवलेला असतो. रॉकेलच घ्या. ओ-रिंगची चेन असणाऱ्यांनी तारेचा ब्रश, पेट्रोल आणि थिनर तिन्ही टाळा. रिंगा फुगल्या किंवा कापल्या गेल्या की आत कारखान्यात भरलेलं ग्रीस निघून जातं आणि ते परत भरता येत नाही.

चेन साफ करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं. डबल स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून फडकं धरणं ही बोटं तुटण्याची पद्धत आहे. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि हात त्याच्यामागे जातो. सोडायला वेळ मिळत नाही.

ताण मोजायचा तो खालच्या बाजूच्या चेनवर, दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये. पट्टी उभी धरून बोटानं चेन वर आणि खाली ढकला, दोन्हींमधलं अंतर म्हणजे सैलपणा. अशा गाड्यांना तो बहुतेक २० ते ३० मिमी सांगितलेला असतो. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारी दांडी) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, आणि माप डबल स्टँडवर घ्यायचं की साइड स्टँडवर हेही तिथेच बघा. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडंथोडं फिरवून आठ-दहा जागी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेवर ताण लावा.

सैलपणा का ठेवायचा ते कळलं की घट्ट चेनचा मोह होत नाही. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा एका क्षणी पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल जवळजवळ एका रेषेत येतात. त्या क्षणी पुढचं स्प्रॉकेट आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर सर्वांत जास्त असतं. उभ्या गाडीवर नीट ताणलेली दिसणारी चेन तिथे तारेसारखी ताठ होते आणि सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ५ मिमी सैल चेन थोडा आवाज करेल. ५ मिमी घट्ट चेन बेअरिंग खाईल.

तुमची गाडी मागे ड्रमची आहे, तेव्हा आधी टॉर्क आर्मचा (मागच्या ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी) नट सैल करा, मग ॲक्सल नट. काही गाड्यांत ॲक्सल नटाच्या मागे मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो; तो विसरलात तर ॲडजस्टर फिरतो पण चाक सरकत नाही. दोन्ही ॲडजस्टर सारखेच, एका वेळी पाव फेरा. स्विंगआर्मवरच्या रेघांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. पिव्होटच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावून बघा. ॲक्सल आवळताना मागचा स्प्रॉकेट आणि चेनची खालची बाजू यांच्यामध्ये घडी केलेलं फडकं ठेवून चाक पुढे फिरवून रेटून धरा, म्हणजे ॲक्सल ॲडजस्टरवर घट्ट टेकतो आणि आवळताना सरकत नाही. यात बोटं मात्र लांब ठेवा. नंतर ताण पुन्हा मोजा, आवळल्यावर २-३ मिमी बदलतोच. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) असेल तर स्प्लिट पिन नवी.

चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकची दांडी ओढली जाते आणि पेडलचा सैलपणा कमी होतो. म्हणून चेन आधी, मागचा ब्रेक नंतर. हा क्रम उलटला तर ब्रेक हलका धरलेला राहतो, ड्रम तापतो आणि शू वाया जातात. त्यासोबत ब्रेक लाइटचा स्विचही तपासा.

वंगण चेनच्या आतल्या बाजूनं, खालच्या भागावर, बाहेरच्या आणि आतल्या पट्ट्यांच्या फटीत सोडा. चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं आणि जाताना पिन-रोलरमधून जातं. बाहेरून मारलेलं नुसतं उडतं. अर्ध्या तासानं जादा पुसून घ्या, टायरच्या कडेला गेलेलं असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा. जोडकडीची क्लिप तपासा: बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेला, उघडं टोक मागे.

---

डिस्क_ड्रम

वरच्या क्रमात एक भर: ब्रेकचं काम सर्वांत शेवटी आणि नव्या मोज्यांनी. चेनचे हात पॅडला लागले तर पॅड गेला. पॅडमध्ये मुरलेलं ऑइल जाळून किंवा घासून निघत नाही, पॅड बदलावाच लागतो. डिस्क मात्र ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं साफ होते.

एअर फिल्टरबद्दल वर एकाच शब्दात आटोपलंय म्हणून सांगतो. कोरडा कागदी असेल तर हवा आतून बाहेर मारायची, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. कागद चिकट, ऑइल लावलेला असेल तर हवा मारायची नाही आणि धुवायचाही नाही, सरळ नवा घालायचा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन दाबून काढायचा, पिळायचा नाही, वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून जादा दाबून काढायचं. एअर बॉक्सच्या तळाच्या नळीची टोपी काढून साचलेलं ऑइल-पाणी सोडायला विसरू नका.

पॅडला झीज दाखवणारी खाच असते. ती संपली की बदला. मसाला १ मिमीपर्यंत आला म्हणजे उशीर झालाय. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरनं मोजा, कडेला नाही, पॅड घासतो त्या पट्ट्यात.

नवे पॅड जाड असतात म्हणून पिस्टन मागे ढकलावे लागतात. ढकलण्याआधी पिस्टनचा बाहेर दिसणारा भाग साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं स्वच्छ करा. ती घाण सीलमध्ये ढकलली गेली तर पिस्टन अडकायला लागतो, ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरत नाही, पॅड एका बाजूनं झिजतात. पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस यातलं काहीही कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) रबराजवळ नको. ते रबर ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, खनिज तेलानं फुगतं. सरकणाऱ्या पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस, तेही अगदी पातळ थर. पिस्टन मागे जाताना वरच्या डब्यातली पातळी वाढते, त्यावर लक्ष ठेवा. ब्रेक ऑइल रंग खातं, टाकीवर ओलं फडकं अंथरून ठेवा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी चालली असो वा नसो. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५ अंश. लांब उतारावर कॅलिपर तापतो, पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतो. डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकोलवाले; डॉट ५ सिलिकॉनवालं आहे आणि ते त्यांच्यात मिसळायचं नाही.

पद्धत अशी. कॅलिपरवरच्या निपलवर (ऑइल आणि हवा सोडायचा पोकळ स्क्रू) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दोन-तीनदा दाबून धरून ठेवा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलपर्यंत जाऊ द्या, निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. उलट केलं तर हवा आत ओढली जाते. दर पाच-सहा वेळांनी वरचा डबा भरा. डबा रिकामा झाला तर सगळं काम पहिल्यापासून. एबीएस असलेल्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये गेली तर ती काढायला काही मॉडेलांना निदान यंत्र लागतं, म्हणून तिथे डब्यावरची नजर हलवू नका. निपल पोकळ आणि नाजूक असतो, ६ ते ८ न्यूटन-मीटर पुष्कळ झाले.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दोन-चार दाबांत ब्रेक लागतच नाही. पुढचे दीडदोनशे किलोमीटर नव्या पॅडवर जोराचा ब्रेक टाळा, तोवर ते डिस्कवर पूर्ण बसलेले नसतात.

चौथ्या प्रश्नाबद्दल: तुमच्या यादीतलं सगळं घरी होतं. कॅलिपरचे सील बदलणं, गेलेले आटे दुरुस्त करणं आणि स्टेअरिंगचे कोन-सेट बसवणं ही कामं त्यासाठीच्या हत्यारांशिवाय हाती घेऊ नका.

---

एक_सिलिंडर

ऑइल, टॅपेट, प्लग झालं. टॉर्क रेंच छोटा घेतला. चेनपाशी अडलोय. दहा जागी मोजलं तर सर्वांत घट्ट जागी सैलपणा १८ मिमी आणि सर्वांत सैल जागी ३४. कुठल्या आकड्यावर ताण लावायचा? चेन संपली आहे की स्प्रॉकेट वाकडं आहे हे कसं ओळखायचं? चेनच्या कड्या ११८ आहेत.

---

कडी_न्_कडी

१६ मिमीचा फरक जास्त आहे. तात्पुरता ताण घट्ट जागेवर लावा, तिथे २० ते २५ ठेवा. सैल जागी चेन थोडी आपटेल, पण बेअरिंग वाचेल.

दोष कुठे आहे ते खडूनं कळतं. चेनच्या एका कडीवर खूण करा आणि टायरवर एक. चाक हातानं फिरवत घट्ट जागा किती फेऱ्यांनी परत येते ते मोजा.

चाकाच्या एका फेऱ्यात ४२ कड्या पुढे जातात. ११८ कड्यांची चेन स्वतःचा पूर्ण फेरा करायला ११८ भागिले ४२, म्हणजे चाकाचे साधारण २.८ फेरे घेते. घट्टपणा पावणेतीन फेऱ्यांच्या थोडं पुढे, आणि दर वेळी खडूची कडी त्याच ठिकाणी असताना येत असेल तर चेन असमान झिजली आहे. घट्टपणा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, टायरवरची खूण त्याच जागी असताना येत असेल तर मागचं स्प्रॉकेट केंद्रातून सरकलंय किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत. चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा येत असेल तर पुढचं स्प्रॉकेट, कारण ४२ भागिले १४ बरोबर तीन.

त्याआधी एकेक कडी बोटांनी वाकवून बघा. गंजून अडकलेली एखादी कडी स्प्रॉकेटवरून सरळ न होताच बाहेर येते आणि हाच खेळ करते. ती रॉकेल आणि ऑइलनं मोकळी झाली तर फरक बराच कमी होईल.

झीज मोजायला चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत माप घ्या. ४२८ चेनची एक कडी १२.७ मिमी, म्हणून नव्या चेनवर २० कड्यांचं माप २५४ मिमी येतं. २५९ च्या आसपास गेलं म्हणजे २ टक्के वाढ झाली, चेन संपली. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. असमान झीज असेल तर इथेच दिसेल. शिवाय मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाला चेन बोटानं मागे ओढून बघा, अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडला तर बदलण्याची वेळ झाली.

बदलायची वेळ आली तर पूर्ण सेट बदला. जुन्या चेनच्या वाढलेल्या अंतरानं दाते झिजलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन घातली की रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर चढतो आणि नवी चेन लवकर संपते.

---

बारा_व्होल्ट

यादीत बॅटरी नाही, पण मल्टीमीटर आहे म्हणून दोन मिनिटांचं काम सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर भरलेली. १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा, करंट क्षमतेच्या एक दशांश: ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यान हवं. कमी दिसलं तर चार्जिंग होत नाही, जास्त दिसलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळेल. चार्जर जमिनीवर ठेवू नका, वर फळीवर ठेवा. वर रॉकेल-पेट्रोलचा विषय आलाच आहे.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असेल तर पाना वितळण्याइतका करंट जातो.

क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल आहे का तेही बघा. हालचाल उरलीच नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि ऑइल बरोबर असूनही घसरतो. बरेच जण त्याचा दोष नव्या ऑइलला देतात.

५० किलोमीटर चालवल्यावर थंड गाडीवर या गोष्टी परत तपासा: ड्रेन बोल्टखाली थेंब आहे का, डबल स्टँडवर ऑइलची पातळी, ॲक्सल आणि टॉर्क आर्मचा नट, कॅलिपरचे बोल्ट, चेनचा ताण. ॲक्सलच्या नटाला छोटा टॉर्क रेंच पुरणार नाही, तेवढ्यापुरता मोठा कुणाचा तरी मागून आणा.